शांतता कमिटीचे आप्पा

आप्पांना वय विचारलं, तर ते साहेबांच्या हिशेबात सांगतात. "हे सतरावे," म्हणतात. म्हणजे आप्पांच्या देखत आमच्या पोलीस ठाण्यात रुजू झालेले हे सतरावे अधिकारी. साहेब दोन-तीन वर्षांनी बदलतात, आप्पा बदलत नाहीत. नव्या साहेबांच्या गळ्यात पहिला हार आप्पांचा पडतो, बदली झाली की निरोपाचं श्रीफळही आप्पांच्याच हातून मिळतं, आणि मधल्या काळात आप्पा शांतता कमिटीचे सदस्य असतात.

बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या प्रत्येक मोठ्या गावात असा एक माणूस असतोच. कुठं तो तात्या असतो, कुठं अण्णा, कुठं नुसताच 'नेते'. सरपंच व्हायचं राहून गेलेलं असतं, सोसायटीला एकदा पडलेला असतो, कारखान्याच्या पॅनेलमधून शेवटच्या रात्री नाव कापलं गेलेलं असतं. पण गणपती, ईद, शिवजयंती, भीमजयंती, मोहरम, उरूस, पालखी यांपैकी काहीही तोंडावर आलं, की ठाण्यातून फोन त्यालाच जातो. धर्मावर पुण्या-मुंबईची मंडळी पुस्तकं लिहितात, टीव्हीवर रात्री नऊला चौकटीत बसून एकमेकांवर ओरडतात. आमच्याकडे हे खातं आप्पांकडे आहे.

एका दिवाळी अंकानं माझ्याकडे या विषयावर लेख मागितला होता, म्हणून मी त्यांना सरळच विचारलं, "आप्पा, सार्वजनिक जीवनात धर्माचं स्थान काय असावं?"

"स्टँडपासनं वेशीपतूर," आप्पा म्हणाले. "वेशीच्या आत वाजवायचं न्हाई. आन् दहाला बंद."

लेख तिथंच संपला. संपादकांना दोन हजार शब्द हवे होते.

आप्पांच्या काखेत कायम एक रेक्झिनची बॅग असते. तिच्यात चालू सालचं कालनिर्णय, आजवरच्या सगळ्या मिरवणूक-परवानग्यांच्या झेरॉक्स, एक शिट्टी आणि 'विशेष पोलीस अधिकारी' असं छापलेलं लॅमिनेट केलेलं ओळखपत्र. त्यावरचा फोटो इतका जुना आहे, की आप्पांची ओळख पटवायला दुसरं ओळखपत्र लागावं. शिवाय चार उपरणी : भगवं, हिरवं, निळं, पांढरं. कार्यक्रमाच्या आधी झाडाआड जाऊन उपरणं बदलायचं, असा शिरस्ता. एकदा घाईत ते निळं घालून संदलाच्या मिरवणुकीत शिरले. बागवान चाचांनी हळूच विचारलं, "आप्पा, रंग चुकला का तारीख?" आप्पा डगमगले नाहीत. म्हणाले, "चाचा, ऊन लई हाय. जे वर व्हतं ते घेतलं."

कलमं त्यांना तोंडपाठ. गणपतीआधी मंडळांना पोलिसांची जी नोटीस जाते, ती पिढ्यान्‌पिढ्या 'एकशे एकोणपन्नास' म्हणून ओळखली जायची. 1 जुलै 2024 पासून जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता गेली, नागरिक सुरक्षा संहिता आली आणि 149 चं 168 झालं, 144 चं 163 झालं. आप्पांना हे एखाद्याच्या धर्मांतरापेक्षा जड गेलं. "आकड्यात जरब व्हती हो," म्हणतात. "एकशे अडुसष्टला पोरं घाबरत न्हाईत. एसटीचा नंबर वाटतो."

बैठकीचं दृश्य पाहण्यासारखं असतं. मी वार्ताहर म्हणून कोपऱ्यात बसतो. ठाण्याच्या आवारात मांडव, समोर टेबल, टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि खुर्च्यांच्या रांगा. आमच्या गावात जातीय तेढीवरून दगड उचलला गेल्याचं कुणाला आठवत नाही; पण शांतता कमिटीतल्या पुढच्या रांगेतल्या खुर्चीवरून मात्र दोनदा गचांड्या धरल्या गेल्या आहेत. त्यातल्या एका वेळी एक गचांडी आप्पांच्या हातात होती.

भाषण ठरलेलं. सुरुवात मालोजीराजांपासून. मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले, हा इतिहास. त्यांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस बोलून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरा. आप्पा दोन्ही एका दमात सांगतात, आणि नावं घेताना पुढच्या रांगेतल्या चाचांकडे असं बघतात, जणू ती चाचांनीच सुचवली होती. तिथून गाडी पालखीवर. तुकोबांची पालखी देहूतून निघाली की पहिली आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी, काटेवाडीला परीट समाजाच्या धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण, सराटीला नीरास्नान. या सगळ्यात आपलं गाव कुठं आहे, हे सांगताना त्यांचा आवाज भरून येतो. आपल्या गावात पालखी पंचवीस मिनिटं थांबते. मग 'अठरापगड जाती', मग 'गंगाजमनी', आणि शेवटी 'गुण्यागोविंदानं नांदतो'. 'गुण्यागोविंदानं' हा शब्द कानावर आला, की मागं उभा असलेला चहावाला किटली उचलतो. भाषणाला टाळ्या नसतात, पण साहेब नवे असल्यामुळे त्यांना ते दरवेळी नवं असतं.

हे सगळं ढोंग आहे, असं पहिली काही वर्षं मला वाटायचं. आप्पांच्या तब्येतीची चौकशी केल्यावर मत थोडं बदललं. आप्पांना मधुमेह आहे, आणि जगातला प्रत्येक धर्म गोड खायला घालतो. गणपतीत मोदक, ईदला शीरखुर्मा, मोहरमात चोंगे, उरसात मलिदा, बुद्धपौर्णिमेला खीर, महावीर जयंतीला पेढे, पालखीत राजगिऱ्याचे लाडू, नाताळात बारामतीच्या ओळखीच्या घरून केक. एकाकडचं खाल्लं आणि दुसऱ्याकडचं नाकारलं, तर गावभर बोभाटा. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून कपाळाला हात लावला, तेव्हा आप्पा गंभीरपणे म्हणाले, "डॉक्टर, सर्वधर्मसमभावानं माझी साखर वाढलीया." धर्मनिरपेक्षतेवर या देशात पुष्कळ बोललं गेलं; तिच्यापायी गोळीचा डोस वाढलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

घरच्या आघाडीवर मात्र शांतता नाही. सख्ख्या भावाशी बांधावरून इंदापूरच्या कोर्टात दावा चालू आहे. बांधावर एक शेंदूर फासलेला म्हसोबा आहे. आप्पांच्या भावाचं म्हणणं, हा म्हसोबा दरवर्षी नांगरटीच्या सुमारास चार बोटं त्याच्या रानात सरकतो. आप्पांचं म्हणणं, "जागृत देवस्थान हाय."

आप्पांचे एकमेव वैचारिक विरोधक म्हणजे आमचे मास्तर. निवृत्त विज्ञानशिक्षक. दाभोलकरांचा खून झाला त्या 20 ऑगस्ट 2013 ला मास्तर दिवसभर जेवले नव्हते, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हा त्याची प्रत झेरॉक्स करून गावात वाटली होती. धर्म घरात ठेवावा, उंबऱ्याबाहेर आणू नये, हे त्यांचं मत. स्टँडवरच्या हॉटेलात दोघांचा वाद ठरलेला.

"कारखान्यात बॉयलर पेटवायचा तर अग्निप्रदीपन, मोळी टाकायची तर मोळीपूजन, वर संचालक जोडीनं सत्यनारायणाला बसणार," मास्तर म्हणाले. "बॉयलर पेटतो बगॅसवर. सत्यनारायणाचा काय संबंध? सरकारी भागभांडवल आहे त्यात!"

"मास्तर, कारखाना सरकारी न्हाई, सहकारी हाय."

"मग देव काय सभासद आहे?"

"नाममात्र," आप्पा म्हणाले. "पूजेचा मान हाय, मतदानाचा अधिकार न्हाई."

मास्तरांनी मग मोठी तोफ काढली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला समाजवादी मंडळींनी आक्षेप घेतला, की निधर्मी सरकारनं पंढरपूरच्या विठोबाची शासकीय पूजा का करावी. आणि ती काही काळ बंदही पडली होती. आप्पा याच क्षणाची वाट पाहत होते.

"आन् मग काय झालं?"

"काय झालं?"

"बहात्तरचा दुष्काळ!"

हॉटेलात हशा पिकला. मास्तर चिडून म्हणाले, "दुष्काळात लोक पूजेनं जगले नाहीत, दुष्काळी कामावर खडी फोडून जगले. आणि बारामती तालुक्यात त्याच्याही आधी पाझर तलाव कुणाच्या धान्यावर खोदले? 'कासा' म्हणून चर्चची मदतसंस्था आहे, तिच्या! कामावर आलेल्या माणसाला गहू दिला, धर्म नाही विचारला."

आप्पा क्षणभर गप्प झाले. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे बघा मास्तर, चर्चच्या गव्हावर तलाव, तलावावर विहिरी, विहिरीवर ऊस, उसावर कारखाना, आन् कारखान्यात सत्यनारायण. आता तुमीच सांगा, कुठला धर्म कुठनं बाहेर काढायचा?"

"ऊस पाझर तलावावरचा नाही, इंग्रजांनी काढलेल्या नीरा डाव्या कालव्यावरचा," मास्तर म्हणाले. मुद्दा बरोबर होता, पण तोवर चहा आला होता. मास्तरांचे मुद्दे बहुतेक वेळा बरोबरच असतात. ते चहाच्या नंतर येतात, एवढंच. आणि आप्पांच्या बाजूला परिसराचं वजन आहे. शरद पवारांसारख्या, देवाधर्माचं स्तोम न माजवणाऱ्या नेत्याच्या प्रचाराचा नारळसुद्धा कन्हेरीच्या मारुतीपुढं फुटत आलेला आहे. या भागात देव मानणं न मानणं हा खाजगी मामला. नारळ हा सार्वजनिक.

आप्पांच्या कारकिर्दीतलं सुवर्णवर्ष म्हणजे 2023. मुसलमानी वर्ष चंद्रावर चालतं, ते इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. म्हणून सण दरवर्षी अलीकडे सरकतात. आपलं पंचांगही चंद्रावरच, पण अधिक महिना घालून आपण सूर्याशी मेळ राखतो. त्यामुळे सण कधी ना कधी एकमेकांच्या दारात येणारच. 2018 आणि 2019 ला मोहरम गणपतीत आला होता. आणि 2023 ला तर 29 जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी. पुढं 28 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलादही एकाच दिवशी. आप्पांनी कालनिर्णयाच्या दोन्ही तारखांना लाल गोल केले आणि जानेवारीपासूनच ठाण्यात ये-जा वाढवली. जूनमध्ये राज्यात ठिकठिकाणी मुस्लिम समाजानं एकादशीला कुर्बानी न देण्याचं ठरवलं, आमच्याकडेही तसंच झालं. सप्टेंबरसाठी आप्पांनी कंबर कसली. विसर्जन कोणत्या रस्त्यानं, जुलूस कोणत्या, वेशीत कोण आधी, अजानच्या वेळी ढोल कुठं थांबायचे, याचा मिनिटामिनिटांचा तक्ता रात्री जागून केला. तीन रंगांच्या पेनांनी.

बैठक भरली. साहेबांनी प्रास्ताविक केलं. आप्पा तक्ता उलगडायला उठणार, तोच चाचा बसल्या जागेवरून म्हणाले, "साहेब, आमचा जुलूस आम्ही दुसऱ्या दिवशी काढतो. त्यांचं होऊन जाऊ द्या." सरकारनंही ईदची सुटी 29 ला नेली होती. विषय दोन मिनिटांत संपला. साहेबांनी चाचांचा हात हातात घेतला, फोटो निघाला.

आप्पांच्या हातात तक्ता तसाच. बाहेर आल्यावर चाचांना बाजूला घेऊन म्हणाले, "चाचा, जरा ताणायचं तरी! इतक्यात ऐकलंत तर साहेबांना वाटंल, कमिटीची गरजच न्हाई."

चाचा हसले. पण मला ते हसणं नीट वाचता आलं नाही. दरवेळी दुसरा दिवस कुणी घ्यायचा, हे न विचारताच ठरलेलं असतं, आणि आप्पांच्या भाषणात मालोजीराजे येतात, पण हे येत नाही. कमिटीच्या रजिस्टरात त्या दिवसाची नोंद आहे : 'खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा झाली.'

आप्पांच्या मनात एक सल आहे : गावात काही घडत नसल्यामुळे पेपरात नाव येत नाही. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो, त्याची बातमी दरवर्षी येते. आप्पांनी ती कापून बॅगेत ठेवली आणि एका बैठकीत ठराव मांडला, की आपणही तसं करू. चाचा शांतपणे म्हणाले, "आप्पा, आमची मशीद बारा बाय पंधराची. तुमचा गणपती चौदा फुटी. तो आत आला तर आम्ही कुठं बसायचं?" ठराव बारगळला. पण 'ऐक्याचा प्रस्ताव जागेअभावी स्थगित' असं आप्पांनी मला लिहून दिलं. मी ते छापलं नाही, म्हणून महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

अलीकडे आप्पांची पकड सैल होत चालली आहे, आणि त्याचं कारण त्यांना कळत नाही. 2022 च्या पाडव्याला मुंबईत मशिदींवरच्या भोंग्यांवरून भाषण झालं आणि आठवड्यात आमच्या गावात पोरं डेसिबलच्या गोष्टी करू लागली. आप्पा गेले, दोन्ही बाजूंना बसवलं, मिटवलं. तिथंपर्यंत ठीक. पण पुढच्या वर्षी कोल्हापुरात मोबाईलच्या स्टेटसवरून दंगल झाली, तेव्हा साहेबांनी तातडीची बैठक घेऊन सांगितलं, की तरुणांच्या स्टेटसवर लक्ष ठेवा. आप्पांनी मान डोलावली, वही काढली आणि पेन सरसावून विचारलं, "साहेब, स्टेटसचा मार्ग कोणता?"

"म्हणजे?"

"न्हाई, मिरवणुकीचा मार्ग असतोय. कुठनं निघणार, कुठं संपणार. पोलीस कुठं उभं करायचं ते कळतं. हे निघतं कुठनं?"

साहेब काही बोलले नाहीत. मागच्या रांगेतली पोरं मात्र फोनमध्ये डोकं घालून हसत होती. माझ्या मते आजवरच्या सगळ्या बैठकांतला तो सर्वांत शहाणा प्रश्न होता.

2024 च्या गणपतीआधीच्या बैठकीला एक सिस्टर आल्या. आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र चौकात आहे आणि चौकातच मोठ्या मंडळाचा मांडव पडतो. सिस्टरांच्या हातात एक छापील कागद होता. मागं उभ्या राहिल्या, कारण खुर्च्या समाजांना वाटलेल्या होत्या. शेवटी साहेबांचं लक्ष गेलं.

"साहेब, रात्री बाळंतिणी असतात. डॉल्बीनं खिडकीच्या काचा हलतात. नवजात बाळं दचकून उठतात, हातपाय ताठ करतात. ध्वनिप्रदूषणाचे 2000 चे नियम आहेत. दवाखान्यापासून शंभर मीटर शांतता क्षेत्र. दिवसा पन्नास डेसिबल, रात्री चाळीस. गेल्या वर्षी मी फोनवर मोजले तर नव्वदच्या वर गेले होते."

"शांतता क्षेत्र म्हंजे आपल्या कमिटीचंच ना?" आप्पांनी शेजाऱ्याला विचारलं. मग रजिस्टर उघडून टोपण काढलं. "सिस्टर, तुमी कोणत्या समाजाकडनं?"

"मी दवाखान्याकडून आलेय."

"दवाखान्याचं मंडळ हाय का?"

"नाही."

"जयंती? पुण्यतिथी?"

"नाही हो."

"म्हंजे मिरवणूक न्हाई?"

"नाही."

आप्पांनी टोपण लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर तिरस्कार नव्हता, खरीखुरी अडचण होती. रजिस्टरात 'नाव', 'समाज/मंडळ' आणि 'सही' असे तीनच रकाने आहेत. त्या मांडवात वीस-पंचवीस खुर्च्या होत्या आणि प्रत्येकीवर कुणी ना कुणी वाजवणारा बसला होता. ऐकणाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून त्या दिवशी एकच बाई आली होती, आणि ती उभी होती. मास्तरांनाही इतकी वर्षं खुर्ची मिळते ती 'प्रतिष्ठित नागरिक' म्हणून. नास्तिकांसाठी रकाना नाही.

साहेबांनी "योग्य ती दक्षता घेऊ" म्हटलं. मंडळाच्या अध्यक्षांनी "वर्षातनं एकदा येतोय बाप्पा" म्हटलं. जिल्हाधिकारी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत वाजवायची मुभा देऊ शकतात, त्या यादीत अनंत चतुर्दशी आहे, हेही त्यांनी सांगितलं. शांतता क्षेत्राला ती मुभा लागू नसते, असं मास्तर म्हणाले. तोवर चहा आला होता.

पण आप्पा रात्री मंडळाच्या मांडवात गेले. मी मुद्दाम मागोमाग गेलो. पोरं पत्ते कुटत बसली होती. आप्पा खाली बसले, तंबाखू मळली आणि सहज बोलावं तसं म्हणाले, "दवाखान्यात रोज कुणाची ना कुणाची पाचवी असतीया. कोरा कागद, लेखणी ठेवत्यात. रात्री सटवाई येती, पोराच्या कपाळावर नशीब लिहिती. आता ती लिहायला बसली, आन् बाहेर तुमचं ते गाणं. तिचं ध्यान उडालं नि नशिबाच्या जागी गाण्यातलंच काय तरी लिहून गेली, तर त्या पोरानं जन्मभर करायचं काय?"

पत्ते थांबले. एकाची बायको आठव्या महिन्यात होती.

विसर्जनाच्या रात्री ट्रॅक्टर चौकाच्या अलीकडे आला आणि जनरेटर बंद झाला. लेसर विझले. दोन-तीनशे पोरं दवाखान्यासमोरून मुकाट्यानं, काही जण तर हात जोडून, चालत गेली. पावलांचे आवाज ऐकू येत होते. चौक ओलांडल्यावर मग काय ते सुटलं. सिस्टर पायरीवर उभ्या होत्या. मास्तर माझ्याजवळ येऊन संतापानं म्हणाले, "केंद्र सरकारच्या नियमानं झालं नाही ते सटवाईनं केलं! ही अंधश्रद्धा आहे. आणि मुळात सरकारी दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज देतात. पाचवी तिथं होतच नाही." हा मुद्दाही बरोबर होता. सिस्टरांना सांगितला, तर त्या म्हणाल्या, "सर, पुढच्या वर्षी सांगा त्यांना. आत्ता दोघी झोपल्यात."

मला त्या रात्री आप्पा आवडले, हे मान्य. पण धर्माला धर्मानं गप्प करण्याचं बिल उशिरा येतं, आणि पूर्ण येतं. दिवाळीनंतर दवाखान्याच्या कंपाउंडला लागून एक दगड दिसू लागला. संक्रांतीपर्यंत त्याला शेंदूर लागला, शिमग्याला वर चार पत्रे आले, पाडव्याला पोरांनी फरशी बसवली. रस्त्यावर, सार्वजनिक जागेत नवं प्रार्थनास्थळ उभारू देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा 29 सप्टेंबर 2009 चा आदेश आहे. मास्तरांनी त्याची प्रत जोडून ग्रामपंचायतीकडे अर्ज दिला. ग्रामपंचायतीनं पोचपावती दिली. 2025 ला सरकारनं गणेशोत्सव राज्य महोत्सव म्हणून जाहीर केला, तेव्हा पोरांचा हुरूप आणखी वाढला. आता तिथं सटवाईचा वार्षिक उत्सव आहे, पावतीपुस्तक आहे, आणि आरतीसाठी दोन स्पीकरची परवानगी मागणारा अर्ज ठाण्यात आलेला आहे. अर्जावर शिफारस म्हणून आप्पांची सही आहे. मार्गाच्या जागी लिहिलंय : 'जागेवरच.'

सिस्टरांनाही शेवटी पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली. आप्पांनी स्वतःच्या हातानं रजिस्टरात त्यांचं नाव घातलं आहे आणि समाज/मंडळाच्या रकान्यात 'सटवाई उत्सव' असं लिहिलं आहे. सिस्टरांनी अजून सही केलेली नाही.